तोक बलामचा पेला

राख बाजूला सारून मी पेला बाहेर काढला आणि माझ्या तोंडून आधी शिवी निघाली, मग रडू आलं. दुसऱ्या कुणाचं उलट झालं असतं, पण माझा स्वभाव तेव्हाही असाच होता.

पेला सुरेख भाजला होता. वीतभर उंच, सरळ अंगाचा, टिचकी मारली की खणखणणारा. भाजायला आव्यात ठेवताना मातकट दिसणारे रंग आता खुलले होते. पिवळसर जमिनीवर लाल आणि नारिंगी रंग, त्यावर केसासारख्या काळ्या रेघा. काठाखालून गोल फिरणारी अक्षरांची ओळही स्वच्छ उमटली होती: हा तोक बलामचा कोको पिण्याचा पेला. सगळं मनासारखं झालं होतं, फक्त एका जागी धुराचा काळा डाग पडला होता. जळतं लाकूड घसरून पेल्याला टेकलं की असा डाग पडतो, आणि एकदा पडला की तो खरवडूनही जात नाही.

"काय झालं गं?" बाबा ओसरीवरून म्हणाले. आमच्या साकतूनच्या राजवाड्याचे ते चितारी, पण त्यांच्या डोळ्यांवर पडदा आला होता, म्हणून बारीक काम आता मीच करत असे.

"डाग पडला."

"कुठे?"

"दादाच्या हातांवर."

बाबा उठले, चाचपडत आले, पेला नाकापाशी धरून कितीतरी वेळ फिरवत राहिले. "लाकडं कोणी रचली होती?"

"मीच."

"एकटीने?"

"मग काय गाव गोळा करू? कोणी पेला बघितला असता तर?"

एरवी आवा रचायला शेजारपाजारचे येत, लाकडं कशी टेकवायची यावरून भांडत, आणि त्या भांडणातूनच आवा नीट रचला जाई. या वेळी मी सगळ्यांना हाकलून दिलं होतं. पेल्यावर मी जे काढलं होतं, ते काढायला राजाची परवानगी नव्हती.

माझा थोरला भाऊ इत्साम. काही पावसाळ्यांपूर्वी तो लाल माती आणायला नदीवर गेला, आणि नेमका त्याच दिवशी होलनाबच्या लोकांनी तिथे छापा घातला. आमचे लढवय्ये पळाले. दादाचा एक गुडघा लहानपणापासून धरलेला, तो काय पळणार? त्याला मातीच्या टोपलीसकट उचलून नेलं. तेव्हापासून तो आहे की नाही, एवढंही आम्हाला कळलं नव्हतं. आता होलनाबचा राजा तोक बलाम तह करायला साकतूनला येणार होता आणि त्याच्यासाठी हा पेला होता.

आम्हा माया लोकांत पाहुण्या राजाला त्याच्या नावाचा पेला देतात. तो त्यातूनच कोको पितो, पेला घरी नेतो, आपल्या मेजवान्यांत मिरवतो, आणि मेला की पेलाही त्याच्याबरोबर पुरतात. म्हणून पेल्यावर काय काढायचं हे ठरवायला राजे लढाई ठरवण्यापेक्षा जास्त वेळ घेतात. पेल्यावर जो उदार दिसतो, त्याला चारचौघांत उदार वागावं लागतं. निदान नाही वागला तर लाज तरी वाटते.

आमच्या राजाने सांगितलं होतं, तोक बलाम सिंहासनावर बसलेला काढा, समोर दरबारी काढा, मक्याचे उकडलेले गोळे भरलेल्या टोपल्या काढा. आणि मेजवानीत कैद्यांचं नाव कोणी काढायचं नाही. नाव काढलं की हार कबूल केल्यासारखं होतं म्हणे. राजाचा भाऊ थोडाच पकडला होता!

मी सगळं सांगितल्याप्रमाणे काढलं. फक्त दरबाऱ्यांमध्ये एक चितारी जास्तीचा काढला. डोक्याच्या फडक्यात कुंचले खोचलेले, शेजारी रंगाची शिंपली, आणि एक पाय लांब पुढे सोडलेला. दरबारात असा पाय सोडून कोणी बसत नाही. माझा भाऊ बसायचा, कारण त्याला दुसरं बसताच यायचं नाही. ज्याने त्याला एकदा पाहिलंय त्याला नाव लिहून दाखवायची गरज नव्हती. तोक बलामने तो पाहावा, सगळ्यांदेखत पेला स्वीकारावा, आणि ज्याच्या दरबारात चितारी मानाने बसतो असा राजा आपण आहोत हे त्याला खरं करून दाखवावं लागावं, एवढाच माझा डाव होता.

बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हात कसे काढणारेस?"

"जसे आहेत तसे."

"पोरी, पकडलेल्या चिताऱ्याची बोटं—"

"बाबा!"

"मी एवढंच म्हणतो, हात दाखवून अवलक्षण नको."

मी ऐकलं नाही. दादाची बोटं मी एकेक करून काढली, नखांसकट, कुंचला हलकेच धरलेली. त्या पेल्यावर तेवढं चांगलं दुसरं काहीच उतरलं नव्हतं, आणि डाग पडला तो नेमका तिथेच.

---

राजाच्या आईला आम्ही आईसाहेब म्हणायचो. मेजवानीचं सगळं त्या बघत. नाकावर माशी बसू न देणारी बाई. त्यांच्यासमोर पेला ठेवला तेव्हा शेजारी उभा असलेला कारभारी घाईघाईने म्हणाला, "हा फोडून टाकू. कोठीत दुसरे चांगले पेले आहेत."

"त्यांवर तोक बलामचं नाव आहे?" आईसाहेबांनी विचारलं.

"नाव नाही, पण डागही नाही."

"बिननावाचा पेला वाटसरूच्या हातात देतात. राजाला दिला तर तो इथूनच भांडण घेऊन जाईल. नवा करायला सवड आहे का गं?"

"नाही, आईसाहेब. माती वाळायलाच वेळ लागतो. पाहुणे तर येऊन ठेपलेत."

"मग हाच द्यायचा. तू जा," त्या कारभाऱ्याला म्हणाल्या, "टर्क्या किती कापल्या ते बघ."

तो गेला. आईसाहेबांनी पेला उचलला आणि हळूहळू फिरवला. मला वाटलं त्या डाग बघताहेत. त्या पाय बघत होत्या.

"हा पाय माझ्या ओळखीचा आहे," त्या म्हणाल्या.

माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या लेकाने काय सांगितलं होतं?"

"कैद्यांचं नाव काढायचं नाही."

"मग?"

"मी नाव कुठे काढलं, आईसाहेब? चित्र काढलं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की आता मला कोठडीत टाकणार असं वाटलं. मग त्यांनी पेला कापसाच्या फडक्यात गुंडाळला. "जीभ फार चालते तुझी. हातही तसेच चालतात का बघू. तोक बलामला कोको तू ओतायचास."

"मी?"

"ज्याचं जळतं त्याला कळतं. दुसऱ्या पोरींना काही कळायचं नाही. आणि एक ऐक, साकनिक. तो विचारेल तेवढंच बोल. न विचारता बोललीस तर मी तुला ओळखत नाही."

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "हात दिसतच नाहीत, तर त्याला कळणार कसं की तू त्याला उदार म्हणते आहेस?" मलाही तेच खात होतं. नुसता पाय सोडून बसलेला माणूस, आणि हातांच्या जागी काळोख. त्या लाकडाला मी इतक्या शिव्या दिल्या की ते हिरवं असतं तरी पेटलं असतं.

---

तोक बलाम आला तो शंखांच्या आवाजात, क्वेत्झाल पक्ष्याची लांब हिरवी पिसं डोक्यावर डोलवत. माझ्या मनात तो जग्वारासारखा होता. प्रत्यक्षात निघाला बुटका, स्थूल आणि सर्दीने बेजार. दर थोड्या वेळाने शिंकायचा आणि पिसं हलायची. ज्याने आमच्या घरातला माणूस नेला तो इतका साधा दिसावा याचा मला रागच आला.

जेवणं झाली. दोन्ही राजे चटयांवर समोरासमोर बसले, मागे दोन्हींकडचे दरबारी. कारभाऱ्याने फडकं सोडलं आणि पेला पाहुण्याच्या हातात दिला. आता रिवाज असा की पाहुणा आधी काठावरचं आपलं नाव वाचतो, मग पेला पूर्ण फिरवून चित्र पाहतो, दोन शब्द कौतुकाचे बोलतो आणि मगच ओतणारी पुढे होते. मी उंच मानेचं भांडं घेऊन उभी होते. आत मिरची घातलेला कोको.

तोक बलामने नाव वाचलं. हसला. पेला फिरवू लागला. सिंहासन, टोपल्या, दरबारी. मग तो थांबला. त्याने अंगठा डागावर ठेवला आणि एकदा घासला, जणू काजळी निघून येईल.

"हे कोणाच्या घरचं काम?"

"आव्याचा दोष आहे, महाराज," कारभारी म्हणाला, "क्षमा असावी."

"मी दोष विचारला नाही. घर विचारलं."

बाबा मागून उठले. "माझ्या घरचं."

"या डागाखाली काय आहे?"

आमच्या राजाची मान ताठ झालेली मला दिसत होती. आईसाहेब खाली चटईकडे पाहत होत्या. पाहुण्याने विचारलं होतं, म्हणजे बोलायला हरकत नव्हती.

"हात आहेत," मी म्हणाले.

तोक बलामने मान वर केली. "तू काढलेस?"

"हो."

"हा तुझा कोण?"

"भाऊ."

त्याने पुन्हा पेल्याकडे पाहिलं, डागाकडे नव्हे, खालच्या त्या लांब सोडलेल्या पायाकडे. मग अगदी हळू, मलाच ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, "अजून असाच बसतो."

आहे! दादा आहे! मला तिथेच ओरडावंसं वाटलं, नाचावंसं वाटलं, त्या सर्दीवाल्या माणसाच्या पायाही पडावंसं वाटलं आणि त्याच्या थोबाडीतही द्यावीशी वाटली.

"ओत," तो म्हणाला.

मी भांडं डोक्यापर्यंत उचललं आणि धार सोडली. कोको उंचावरून पडला की फेस येतो, आणि जितका फेस दाट तितका पाहुण्याचा मान मोठा. मी आयुष्यात तसा फेस पुन्हा कधी आणला नाही. तोक बलामने पेला तोंडाला लावला आणि शेवटच्या घोटापर्यंत खाली ठेवला नाही. कौतुकाचे दोन शब्द मात्र तो बोलला नाही. पेला कापसात गुंडाळून त्याने स्वतःच्या मांडीवर ठेवला, तह झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो निघून गेला.

तो गेल्यावर राजाने आम्हाला बोलावून घेतलं. "मी सांगितलं होतं, नाव काढायचं नाही!"

"तिने कुठे काढलं?" आईसाहेब कोकोच्या बिया सोलत म्हणाल्या. "विषय पाहुण्याने काढला. आपल्या पाहुण्याचं तोंड धरायचं होतं का?"

आईपुढे राजाचं कधीच चालत नसे.

---

मग वाट पाहणं आलं. दादा जिवंत आहे हे कळल्याचा आनंद थोडे दिवस पुरला, नंतर तोच टोचू लागला. जिवंत आहे तर सोडत का नाही? मका हातभर झाला, डोक्यावर गेला, कणसं भरली, ताटं मोडून कणसं उलटी वाळत लावायची वेळ आली. होलनाबहून मीठ आलं, शिंपल्या आल्या, दादा आला नाही. मी बाबांना म्हणायची, "डाग नसता तर तो आला असता." बाबा म्हणायचे, "असेल." असेल म्हणजे नाही हे मला ठाऊक होतं, पण ते माझी समजूत घालत होते की स्वतःची, ते कळत नसे.

एके दिवशी सकाळी मी ओसरीवर एका नव्या पेल्याला गारगोटीने घोटत होते. बाबा एकदम म्हणाले, "ऐक."

"काय?"

"चाल."

रस्त्यावरून कोणीतरी एक पाऊल टाकत, दुसरं ओढत येत होतं. बाबांनी आधी ओळखलं, मी नुसती बघत राहिले. सोबत होलनाबचे दोन हमाल होते, त्यांनी आमच्या अंगणात कोकोच्या बियांची झोळी ठेवली, नमस्कार केला आणि आले तसे परत गेले.

दादा बारीक झाला होता, केस पिकले होते. बाबांनी त्याचा चेहरा चाचपला, कान चाचपले, खांदे चाचपले आणि लहान मुलासारखे रडू लागले. मीही रडले. बरंच झाल्यावर माझं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. ते फडक्यात गुंडाळलेले होते.

"बघू," मी म्हणाले.

"राहू दे."

"दादा, बघू."

त्याने फडकं सोडलं. उजव्या हाताची बोटं मोडून वाटेल तशी जुळली होती. दोन आत वळलेली, एक बाजूला गेलेलं. डावा बरा होता, पण तोही पुरता नव्हे. बाबांनी ती बोटं स्वतःच्या हातांत घेतली आणि एकेक चाचपली. त्यांना हे सगळं आधीपासून ठाऊक असल्यासारखं वाटलं.

"नेल्या दिवशीच," दादा म्हणाला. "तोक बलामसमोर. त्यांच्याकडे तसंच करतात, आपल्याकडेही करतात. आता दुखत नाही."

मला पेला आठवला. त्यावरची ती धडधाकट, नखांसकट काढलेली बोटं आठवली. ती बोटं दिसली असती तर? ज्याने ती मोडायला लावली, त्याच्या हातात दोन्ही दरबारांदेखत ती शाबूत बोटं गेली असती. त्याला वाटलं असतं, साकतूनवाले आपल्याला हिणवताहेत. तह तिथेच मोडला असता, आणि दादाचं काय झालं असतं ते मला आजही बोलवत नाही.

"तह करून परतल्यावर तोक बलामने मला बोलावलं," दादा सांगू लागला. "पेला पुढे ठेवला. म्हणाला, 'तुझ्या बहिणीने दिलाय. डागाखाली हात आहेत म्हणाली.' मी म्हटलं, असतील. मग त्याने विचारलं, 'कोणते हात? मी पाहिले ते, की आधीचे?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, तिला आधीचेच ठाऊक आहेत."

बाबांनी त्याचा हात अजून सोडला नव्हता.

"रोज संध्याकाळी त्यातूनच कोको प्यायचा," दादा पुढे म्हणाला. "प्यायचा आणि अंगठ्याने डाग घासायचा. शेवटी एक दिवस म्हणाला, 'तुझ्या बहिणीने माझी लाज झाकली. दोन्ही गावांसमोर तिला मला उघडं पाडता आलं असतं, तिने पाडलं नाही. घरी जा.'"

"अरे, पण मी मुद्दाम नाही केलं! लाकूड घसरलं होतं! धुराचा डाग पडला, दुसरं काही नाही!"

दादाने बाबांकडे पाहिलं, बाबांनी दादाकडे. बाप-लेक एकदम हसले.

"हे तू त्याला सांगितलं नाहीस ना?" मी विचारलं.

"मला कसं ठाऊक असणार? आणि असतं तरी सांगितलं असतं का? मी लंगडा आहे, वेडा नाही."

मग मलाही हसू आलं, हसता हसता पुन्हा रडू आलं. दादा म्हणाला, "ते हात कसे काढले होतेस? दाखव."

"कशाला आता?"

"दाखव गं. ज्या हातांनी मला सोडवलं ते मला बघायचे आहेत."

मी घोटलेला पेला पुढे ओढला, काळ्या रंगात कुंचला बुडवला आणि त्याचे जुने हात काढले. कुंचला हलकेच धरलेले, आठवत होते तसेच. त्याने मान तिरकी करून पाहिलं. एका कारागिराचं काम बघताना दुसऱ्याने करावा तसा चेहरा केला.

"अंगठा आखूड झालाय."

"मुळीच नाही."

"झालाय. इकडे आण."

त्याने कुंचला डाव्या हातात घेतला. धरता येईना. मग उजव्या हाताच्या त्या दोन आत वळलेल्या बोटांच्या बेचक्यात तो अडकवला, पाय लांब सोडला, श्वास रोखला आणि अंगठ्याच्या टोकाशी एक रेघ ओढली. रेघ कापरी आली. एका जागी जाड, पुढे बारीक. पण अंगठा आता खरंच त्याचा दिसू लागला.

दादाने कुंचला खाली ठेवला. "पुसून टाक. तुझा पेला खराब झाला."

मी फडकं उचललं. तोच बाबा पेल्यावर वाकले. नाक रंगाला लागेल इतके जवळ गेले. खूप वेळ बघून त्यांनी त्या कापऱ्या रेघेशी बोट नेलं, टेकवलं मात्र नाही.

"ही कोणी ओढली?"

"दादाने," मी म्हणाले.

"मग फडकं ठेव खाली," बाबा म्हणाले, "आणि शेजाऱ्यांना हाक मार. आवा रचायचाय."